यादीतले तिसरे नाव : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी



इंग्रजी राजवटीचा इतिहास आपली मुले शाळेत कशी शिकतात, हे आपण घरी त्यांच्या अभ्यासाच्या वेळी पाहिले असेलच. परीक्षा जवळ आली की राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांची यादी पाठ होते. १८८५, मुंबई, व्योमेशचंद्र बॅनर्जी. १८८६, कलकत्ता, दादाभाई नौरोजी. १८८७, मद्रास, बद्रुद्दीन तय्यबजी. १८८८, अलाहाबाद, जॉर्ज यूल. जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, एका वाक्यात उत्तरे लिहा. गुण मिळतात आणि यादी विसरली जाते. तिसऱ्या नावाचा माणूस कोण होता, कोठे शिकला, कोणाशी भांडला आणि त्याने आपल्या समाजासाठी काय ठेवून गेला, हे विचारण्याची पाळी परीक्षकावर येत नाही आणि म्हणून विद्यार्थ्यावरही येत नाही.

त्यातून एक नुकसान होते. पुढच्या धड्यांत १९०६ ची मुस्लिम लीग येते, १९०९ चे विभक्त मतदारसंघ येतात, १९४० चा ठराव येतो आणि अखेर फाळणी येते. आपल्या मुलाच्या मनात असे चित्र उमटते की, इंग्रजी अमदानीत मुसलमानांचे सार्वजनिक जीवन १९०६ साली एकाएकी सुरू झाले आणि ते पहिल्यापासून वेगळ्या वाटेनेच गेले. शेजारच्या बाकावरील हिंदू मुलाच्याही मनात तेच चित्र उमटते. दोघेही त्या चित्रासह मोठे होतात. ही गोष्ट साधी नाही. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या तिसऱ्या नावाचे चरित्र आपल्यापुढे ठेवावे असे वाटले.

जन्म आणि घराणे

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा पंथाचे आणि मूळचे खंबायतचे. वडील तय्यब अली यांनी हलाखीतून वर येऊन स्वकष्टाने व्यापार उभा केला होता. त्यांना इंग्रजी विद्या मिळाली नव्हती, परंतु काळ कोणीकडे वाहत आहे याची त्यांना पुरती जाण होती.

त्या काळाकडे थोडे वळून पाहू या. १८३७ साली कंपनी सरकारने कचेऱ्या-न्यायालयांतून फारसीचे स्थान काढून घेतले. बद्रुद्दीन जन्मले त्याच १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंज याने जाहीर केले की, सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम मिळेल. या दोन निर्णयांनी पिढ्यान् पिढ्या फारसीवर जगलेल्या कुटुंबांच्या पायांखालची जमीन सरकली. धड्यांत मेकॉलेचे नाव येते, १८३५ हे साल येते. परंतु या धोरणामुळे कोणाच्या घरची चूल थंडावली, हे येत नाही. पुष्कळ मुसलमान कुटुंबांनी इंग्रजी शाळांकडे पाठ फिरविली. राज्य गेले, भाषा गेली, आता मुलांचा ईमानही जाईल, अशी त्यांना भीती होती. ती भीती अगदीच निराधार होती असे नाही, कारण अनेक शाळा मिशनऱ्यांच्या होत्या. पण भीतीपोटी जे घरी बसले, त्यांच्या मुलांना नव्या जमान्यात जागा उरली नाही.

तय्यब अलींनी मुलांना शिकवायचे आणि वेळ पडली तर समुद्रापार पाठवायचे ठरविले. मात्र त्यांनी आपली विद्या सोडली नाही. बद्रुद्दीन प्रथम मदरशात उर्दू, फारसी, अरबी शिकले आणि नंतर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. गुजराती आणि मराठीही त्यांना येत असे. एक विद्या घेण्यासाठी दुसरी टाकावी लागत नाही, हा पहिला धडा त्यांना शाळेच्या आधी घरातच मिळाला.

या घराण्याची आणखी एक रीत सांगण्याजोगी आहे. कुटुंबात वह्या ठेवलेल्या असत आणि घरातील माणसे त्यांत रोजच्या घडामोडी लिहीत. स्त्रियाही लिहीत. लग्न, आजार, प्रवास, पाहुणे, वाचलेली पुस्तके असे सारे त्यांत आले. आज त्या वह्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. इतिहास फक्त लाटसाहेबांच्या दप्तरात असतो असे नाही.

विलायत आणि वकिली

वडील बंधू कमरुद्दीन हे विलायतेत सॉलिसिटर झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या पावलावर पाऊल टाकून बद्रुद्दीन १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्लंडला गेले. तेथे दृष्टी अधू झाली आणि १८६४ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून व्यापारात शिरला असता. ते वर्षभराने पुन्हा गेले, मिडल टेंपलमधून १८६७ साली बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या हायकोर्टात उभे राहिले. मुंबईतील ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

तेव्हा कोर्टात बॅरिस्टरांच्या रांगेत सारे गोरे होते. अशील हिंदी, भांडण हिंदी, पैसा हिंदी, पण बाजू मांडणारा मात्र साहेब. त्या रांगेत एक तेवीस वर्षांचा मुसलमान तरुण जाऊन बसला. सुरुवातीस बंधू कमरुद्दीन यांच्याकडून कामे मिळाली, पुढे कामानेच काम आणले. मुद्देसूद बोलणे आणि साक्षीदाराची शांतपणे उलटतपासणी घेणे यांत त्यांचा हातखंडा होता असे सांगतात.

अंजुमनची शाळा

१८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. कमरुद्दीन, बद्रुद्दीन आणि त्यांचे सहकारी तिचे संस्थापक. मुसलमान मुलांना दीनी शिक्षणाबरोबर नवी विद्याही मिळावी, हा तिचा हेतू. १८८० साली संस्थेची शाळा सुरू झाली. १८९० साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि १८९३ साली बोरीबंदर स्थानकासमोर तिची भव्य इमारत उभी राहिली. मुंबईस गेलात तर स्थानकाबाहेर पडताच ती दिसेल. शाळा आजही तेथे भरते. बद्रुद्दीन अखेरपर्यंत या संस्थेचे अध्यक्ष होते.

१८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमले. महात्मा फुले यांनी या कमिशनला निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. त्याच कमिशनपुढे बद्रुद्दीन तय्यबजींनीही साक्ष दिली आणि मुसलमान मुले शाळेत का येत नाहीत, त्यांना आणण्यासाठी काय करावे, हे मांडले, हे मात्र ठाऊक नसते. माळी-कुणब्यांच्या मुलांसाठी बोलणारा एक आणि मुसलमान मुलांसाठी बोलणारा दुसरा, असे दोघे एकाच वर्षी एकाच कमिशनपुढे आपापले गाऱ्हाणे मांडत होते. ही दोन पाने शेजारी ठेवून शिकविली तर वर्गातील प्रत्येक मुलाला कळेल की, शाळेचे दार सर्वांसाठी आपोआप उघडले नाही. ते ठोठावावे लागले.

राजकारणात

मुंबईच्या सार्वजनिक जीवनात तेव्हा तिघांची नावे एकत्र घेतली जात : फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. १८८३ साली इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. मुलकी भागातील हिंदी न्यायाधीशांना गोऱ्या आरोपींचे खटले चालविता यावेत, एवढेच ते बिल होते. गोऱ्यांनी देशभर आकांडतांडव केले. मुंबईच्या सभेत हे तिघेही बिलाच्या बाजूने बोलले. जानेवारी १८८५ मध्ये त्यांनीच बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली आणि वर्षअखेर मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले.

त्या अधिवेशनास ७२ प्रतिनिधी होते आणि त्यांत मुसलमान अवघे दोन. तय्यबजी बंधू त्या वेळी मुंबईबाहेर होते. विरोधकांनी त्याचा गवगवा केला की, पाहा, मुसलमान या सभेत नाहीत. दोन वर्षांनी मद्रासच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारून बद्रुद्दीन यांनी त्याला उत्तर दिले. ६०० हून अधिक प्रतिनिधींपुढे त्यांनी आपली भूमिका स्पष्ट केली. प्रत्येक समाजाचे काही प्रश्न त्याचे स्वतःचे असतात. परंतु कर, कायदे, नोकऱ्या, कारभार यांचे प्रश्न साऱ्या देशाचे आहेत आणि त्यांसाठी मुसलमानांनी इतर देशबांधवांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहू नये असे कोणतेही कारण नाही, हा तिचा आशय होता.

सर सय्यद यांच्याशी मतभेद

येथे चरित्राचा अवघड भाग येतो, आणि पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत नेमका तोच मावत नाही.

अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांचा राष्ट्रीय सभेला विरोध होता. १८५७ नंतरची कत्तल आणि जप्ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. मुसलमान शिक्षणात मागे आहेत. अशा वेळी राजकारणात पडलो तर सरकारचा रोष ओढवेल आणि निवडणुकीच्या तत्त्वाने संख्येने मोठा समाजच सर्वत्र पुढे जाईल, असे त्यांचे म्हणणे. आधी शिका, मग बोला, ही त्यांची भूमिका. बद्रुद्दीन यांचे म्हणणे असे की, बाहेर राहून हित साधत नाही. आत जाऊन आपला आवाज ऐकवला पाहिजे. १८८८ साली या दोघांत पत्रव्यवहार झाला आणि तो सभ्य भाषेत पण रोखठोक होता.

वाचकहो, या दोघांपैकी एकाला शहाणा आणि दुसऱ्याला वेडा ठरविण्याची घाई करू नका. दोघांनीही शाळा काढल्या. दोघांनाही समाजाची तळमळ होती. आपला समाज दुबळा असताना आधी बळ मिळवावे की आधी हक्क मागावा, हा त्यांच्यातील वाद होता. तो वाद आजही घराघरांत वेगळ्या रूपाने चालू आहे.

बद्रुद्दीन नुसते वाद घालून थांबले नाहीत. त्यांच्या आग्रहावरून अलाहाबादच्या अधिवेशनात नियम झाला की, हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखी विरोध असेल तो विषय सभेत चर्चेस घेऊ नये. संख्येने लहान असलेल्यांना विश्वास वाटावा म्हणून केलेली ही तजवीज होती. तरीही मुसलमानांचा मोठा भाग दूरच राहतो आहे, हे त्यांनी पाहिले. त्या १८८८ सालीच त्यांनी सभेचे सचिव ह्यूम यांना लिहून सुचविले की, दोन समाजांत तेढ वाढत असेल तर राष्ट्रीय सभेची अधिवेशने काही वर्षे स्थगित ठेवणे बरे. ती सूचना मान्य झाली नाही. जो माणूस एक वर्षापूर्वी अध्यक्ष होता, त्यानेच असे लिहावे याचे आपल्याला नवल वाटेल. परंतु त्यांना सभेपेक्षा सलोखा मोठा वाटत होता. हा त्यांचा निर्णय चूक की बरोबर, याची चर्चा वर्गात जरूर व्हावी. थोर माणसांनाही पेच पडतात, हे मुलांना कळले तर त्यांचा आदर कमी होत नाही. उलट ती माणसे जवळची वाटतात.

न्यायासनावर

१८९५ साली बद्रुद्दीन मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्या न्यायासनावर बसलेले ते पहिले मुसलमान. १९०२ साली त्यांनी प्रभारी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले.

१८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने लोक त्रासले होते. २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. २७ जुलै रोजी केसरीतील लिखाणाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली लोकमान्य टिळकांना अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात अर्ज झाला, तोही न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे फेटाळला गेला. खटला हायकोर्टाकडे सोपविला गेल्यावर टिळकांच्या वतीने बॅरिस्टर दावर यांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी तो न्यायमूर्ती तय्यबजी यांच्यापुढे आला. सरकारचा विरोध होता आणि इंग्रजी वृत्तपत्रे खवळलेली होती. तय्यबजींनी जामीन दिला. त्यांची विचारसरणी सरळ होती. जामिनाच्या वेळी मुख्य प्रश्न एवढाच की आरोपी खटल्यास हजर राहील की नाही. हा आरोपी पळून जाईल असे मानण्यास कारण नाही, आणि त्याला कोठडीत ठेवले तर बचावाची तयारी करता येणार नाही. मग न्याय कसा होईल?

पुढे न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला, ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते, आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, हे आपण जाणताच. जामीन मागणारे तेच दावर १९०८ साली न्यायाधीश होते. त्यांनी टिळकांना जामीन नाकारला आणि सहा वर्षांची शिक्षा दिली. लोकमान्यांच्या खटल्यांचा धडा महाराष्ट्रातील प्रत्येक मूल शिकते. त्या धड्यात १८९७ च्या जामिनाचे एक वाक्य आले, तर दोन समाजांच्या मुलांमध्ये जे काम दहा भाषणांनी होत नाही, ते त्या एका वाक्याने होईल.

मुलींचे शिक्षण

समाजाला जे सांगायचे ते आधी घरात करावे, अशी बद्रुद्दीन यांची वृत्ती होती. त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले आणि पुढे दोघींना शिक्षणासाठी विलायतेसही पाठविले. डिसेंबर १९०३ मध्ये मुंबईत मुस्लिम शैक्षणिक परिषद भरली. सर सय्यद यांनीच १८८६ साली सुरू केलेली ही परिषद. ते १८९८ साली निवर्तले होते. तिचे अध्यक्षपद बद्रुद्दीन यांच्याकडे आले. राष्ट्रीय सभेबद्दलचे आपले मत बदललेले नाही, हे तेथेही त्यांनी लपविले नाही. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करताना, धर्माने सांगितलेला पडदा आणि रूढीने वाढविलेला पडदा यांतील फरकही त्यांनी दाखवून दिला. काही श्रोते नाराज झाले. पण मतभेद असलेल्यांच्या मंचावर जाऊन, आपले मत न सोडता, शिक्षणाच्या कामाला हात लावता येतो, हे त्यांनी करून दाखविले.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे शव मुंबईस आणून दफन करण्यात आले. चार महिन्यांनी ढाक्यास मुस्लिम लीग स्थापन झाली. पाठ्यपुस्तकातला मुसलमान जेथे सुरू होतो, तेथे हा माणूस आपले काम संपवून गेलेला होता.

आपण काय करावे

याचा आपल्या भंडारा जिल्ह्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. आपला मुलूख त्यातलाच. १८६१ साली मध्यप्रांत झाला. १८८० नंतर तुमसरच्या बाजूने रेल्वे आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ या प्रांताने सोसले. विसाव्या शतकाच्या आरंभी चिखला, डोंगरी येथे मँगनीजच्या खाणी निघाल्या आणि इथली माती परदेशच्या पोलादासाठी जहाजात चढू लागली. इंग्रजी राजवट म्हणजे केवळ कलकत्ता आणि मेरठ नव्हे. ती आपल्या शेतसाऱ्यात होती, खाणीत होती, विड्यांच्या कारखान्यात होती, पितळेच्या भट्टीशेजारी येऊन पडलेल्या विलायती मालात होती.

म्हणून विद्यार्थ्यांना सुचवावेसे वाटते : या वर्षी एक वही करा. आजी-आजोबांना, मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांना विचारा. आपले घराणे येथे कोठून आणि केव्हा आले? पणजोबा काय काम करीत? घरातून प्रथम शाळेत कोण गेले, आणि मुलींपैकी पहिली कोण? उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरून घ्या. जुने दाखले, सातबारा, पत्रे, निकाहनामे असतील तर त्यांची नोंद करा. तय्यबजींच्या घरी हेच होत असे.

आणि पालकांना विनंती अशी की, मुलाला किती गुण मिळाले हे जसे विचारता, तसे धड्यातल्या माणसाने काय केले हेही विचारा. यादीत नाव सापडले नाही तर पुस्तकावर रागावून बसू नका. त्या माणसाची माहिती मिळवून मुलाच्या हाती द्या. शिक्षकालाही द्या, आम्ही ती वर्गात वाचून दाखवू. इंग्रज गेले, त्यांनी लावलेली भांडणे इतिहासाच्या पानांत राहिली. ती पाने पुरती वाचणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.